तयारीचं सोंग

मॉक ड्रिल म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. आदल्या दिवशी नोटीस लागते. सकाळी अकराला बेल वाजते, वर्गांतून रांगा निघतात, ग्राऊंडवर हजेरी होते, एक ग्रुप फोटो निघतो आणि चहा-बिस्किटं घेऊन मंडळी पुन्हा प्रॅक्टिकलला. कोणी हरवत नाही, कोणाला लागत नाही, कोणी रडत नाही. भूकंपानेसुद्धा नोटीस बोर्ड वाचूनच यावं, इतकी शिस्त!

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. माझ्या मते तयारीचंही आणता येत नाही. आणि गंमत अशी, की तयारी खरी व्हायला हवी असेल तर सोंगंच घ्यावी लागतात. पण ती नीट घ्यावी लागतात. हा लेख त्याबद्दल आहे.

हा विषय आपल्या कॉलेजला लांबचा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलायला लागली. धुंदलवाडी, हळदपाडा ही नावं तोपर्यंत मुंबईच्या पेपरात कधी येत नव्हती, ती रोज यायला लागली. पुढच्या काही वर्षांत तिथे हजारो लहान-मोठे धक्के नोंदले गेले. शास्त्रज्ञ याला भूकंपांचा थवा म्हणतात. एक मोठा धक्का आणि मग शांतता असा प्रकार नाही, तर लहान लहान धक्क्यांची रांग. १ फेब्रुवारी २०१९ ला पाठोपाठ धक्के बसले, त्यातला सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा. त्या दिवशी हळदपाड्यात दोन वर्षांची एक मुलगी गेली. घर तिच्या अंगावर पडलं नव्हतं. घाबरून बाहेर पळताना ती पडली आणि डोक्याला दगड लागला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. आपण इंजिनिअर होणार, म्हणून आपल्याला वाटतं की भूकंप म्हणजे कॉलम, बीम आणि डक्टाइल डिटेलिंग. ते आहेच. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. पण हळदपाड्याची ती मुलगी भिंतीमुळे गेली नाही, धावपळीमुळे गेली. भिंतीचं डिझाईन आपण शिकतो, धावपळीचं कोण शिकवणार?

आता आपलं होस्टेल बघा. आपल्यात डहाणू-तलासरीकडची बरीच मुलंमुली आहेत. २०१९ मध्ये ती बारा-तेरा वर्षांची होती. रात्री घरात झोपायचं नाही, तंबूत झोपायचं, हे त्यांनी भर थंडीत केलेलं आहे. धक्का बसला की उठून अंगणात, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली आहे. एकमजली कुडाच्या घरातून दोन पावलांत अंगण येतं, तिथे ती सवय चालून जाते. तिसऱ्या मजल्यावरच्या रूममधून हेच केलं तर जिन्यात दोनशे जणांची चेंगराचेंगरी होईल. इथे जमीन हलत असेपर्यंत टेबलाखाली डोकं झाकून बसायचं, हलणं थांबलं की मगच उतरायचं. म्हणजे भूकंप तोच, पण पाड्यावरचं बरोबर उत्तर होस्टेलमध्ये चूक ठरतं. आणि ही सवय नोटीस वाचून बदलत नाही. अंगाला लागलेली सवय अंगानेच बदलावी लागते.

परदेशात एक खेळ आहे, ‘लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्ले’, थोडक्यात ‘लार्प’. आपण कॉम्प्युटरवर ज्या लढाया खेळतो त्या ही मंडळी रानात, किल्ल्यात, स्वतःच्या पायांवर खेळतात. इंग्लंडमध्ये १९८२ साली पेकफर्टन कॅसल नावाच्या किल्ल्यात असा खेळ सुरू झाला होता. आज जर्मनीत काही हजार माणसं एका वेळी खेळतात. नाटकापेक्षा हा प्रकार वेगळा, कारण इथे संवाद पाठ नसतात. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते: तू कोण, तुला काय हवंय, तुला काय माहीत आहे. बाकीचं तुम्ही आणि तुमचं नशीब. पण पडद्यामागे जबरदस्त प्लॅनिंग असतं. खेळणारे वेगळे आणि कारभारी वेगळे. शिवाय तिसरी जात असते, ती खेळात वावरते पण स्वतःसाठी खेळत नाही. सूत्रधार सांगेल तेव्हा दरोडेखोर, सांगेल तेव्हा जखमी वाटसरू. ही माणसं कमी पडली की खेळ फसतो, कारण खेळणाऱ्यांच्या पुढ्यात काही घडतच नाही.

आपलं मॉक ड्रिल फसतं ते नेमकं यामुळे. सगळे खेळाडू, सोंगं घेणारा एकही नाही.

कोणी म्हणेल, ही जर्मन थेरं आपल्याकडे कुठे चालायची. अहो, आपल्याच जिल्ह्यात ती कितीतरी पिढ्या चालली आहेत! जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मोठे मुखवटे, संबळ-पिपाणीचा आवाज, टेंभ्यांचा उजेड आणि गावच्या रस्त्यावर रात्रभर एकामागून एक येणारी सोंगं. आधी गणपती, सरस्वती, मग रामायण-महाभारतातली मंडळी, शेवटी देवी आणि महिषासुर. हे काही रात्री चालतं. बऱ्याच गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराकडे असतं. त्या घरातल्या पोराला लहानपणापासून माहीत असतं की एक दिवस हा मुखवटा आपल्या डोक्यावर येणार. मुखवटे वेळेत रंगवायचे, टेंभे कोण धरणार, कुठल्या सोंगाला वाजवणाऱ्यांनी कोणती चाल धरायची, सोंगापुढची गर्दी कोण आवरणार, हे सगळं ठरलेलं. याला मॅनेजमेंटच्या पुस्तकात ह्यूमन रिसोर्स प्लॅनिंग म्हणतात. गावात त्याला मान म्हणतात, आणि माझ्या मते तो शब्द जास्त बरोबर आहे. कारण ड्यूटी टाळता येते, मान कोणी टाळत नाही.

जिल्ह्यात दुसरं मोठं उदाहरण आहे तारापूरचं. तिथलं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. अशा केंद्राभोवती १६ किलोमीटरचा टापू आणीबाणीच्या नियोजनासाठी धरतात. डहाणू तालुक्यातली चिंचणी तर केंद्राच्या अगदी शेजारी. त्या टापूत ठरावीक वर्षांनी मोठा सराव होतो. त्यात जिल्हाधिकारी, पोलीस, आरोग्य खातं, एस.टी. असे सगळे आपापली भूमिका करतात आणि बाहेरून आलेले निरीक्षक ती तपासतात. ७ मे २०२५ ला देशभर ‘ऑपरेशन अभ्यास’ झालं, तेव्हाही महाराष्ट्राच्या यादीत मुंबई आणि उरणबरोबर तारापूर पहिल्या वर्गात होतं. म्हणजे एवढा मोठा खेळ मांडण्याची सवय जिल्ह्याला आहे. फक्त ती आपल्या होस्टेलच्या गेटपर्यंत आलेली नाही.

मग आपण काय करावं? नुसती टीका करायला अक्कल लागत नाही, म्हणून हिशोबच मांडते.

समजा होस्टेलवर २४० जण आहेत. त्यातले ४० बाजूला काढायचे. १२ जण जखमी. प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी: पाय मोडलाय, किंवा डोक्याला खोक, किंवा बाहेरून काही दिसत नाही पण बोलणं असंबद्ध. ६ जण घाबरलेले. यातला एक कॉटखालून बाहेर यायलाच तयार नाही, एक लॅपटॉप आणायला परत वर पळतो. ३ जण हरवलेले. ते टेरेसवर किंवा स्टोअररूमजवळ गप्प बसून राहणार आणि हजेरीत ते कमी आहेत हे कोणाला किती वेळात कळतं ते बघायचं. ५ जण पालक. ते ऑफिसच्या फोनवर सारखे फोन करणार, एकजण रडणार, एकजण ओरडणार. २ जण अफवावाले, ‘दहा मिनिटांत मोठा धक्का येणार आहे, आताच मेसेज आला’ असं पसरवणारे. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही हे सिव्हिलवाल्यांनासुद्धा त्या क्षणी आठवतं का ते कळेल. झाले २८. उरलेले १२ निरीक्षक: तीन मजल्यांवर दोन-दोन, दोन जिन्यांवर एकेक, ग्राऊंडवर दोन, गेटवर एक, मेसमध्ये एक. त्यांनी मदत करायची नाही, फक्त घड्याळ बघून लिहायचं.

बाकीचे २०० जण स्वतःच. वॉर्डन मॅडम वॉर्डन, वॉचमनकाका वॉचमन, मेसचे काका मेसचे काका. त्यांना सोंग नको. पण त्यांच्याशिवाय हा खेळ नाही, कारण खरा भूकंप झाला तर गॅस बंद करणारा हात त्यांचाच आहे. सूत्रधार तिघे, होस्टेलबाहेरचे, त्यात एक स्टाफपैकी. कोणत्या मिनिटाला शिट्टी, कधी लाईट जाणार, कधी दुसरा धक्का, हे फक्त त्यांना माहीत. सर्वांना आठवडा सांगायचा, दिवस आणि वेळ सांगायची नाही.

यावर तीन आक्षेप येणार हे मला माहीत आहे.

पहिला, कोणाला खरंच लागलं तर? बरोबर आहे. म्हणून खेळात एक शब्द राखून ठेवायचा: ‘खरंखरं’. ‘पाय मोडला’ हे सोंग, ‘खरंखरं पाय मोडला’ म्हटलं की सगळ्यांनी जिथे आहे तिथे थांबायचं. जिन्यातले दिवे बंद करायचे नाहीत, कोणतंही दार मुद्दाम लावायचं नाही, आणि खरी फर्स्ट एडची पेटी घेऊन दोघांनी खेळाबाहेर उभं राहायचं. पहिला प्रयोग संध्याकाळी उजेडात करावा, रात्रीचा नंतर.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्यांनी तंबूत रात्री काढल्या, त्यांना आपण तेच खेळ म्हणून परत दाखवायचं का? जबरदस्ती मुळीच नको. ज्याला नको त्याने कारण न देता बाहेर राहावं. पण मला वाटतं, या मुलांना आपण विचारतच नाही. धक्क्यानंतर पहिल्या रात्री काय कमी पडतं, लहान भावंडं काय करतात, अफवा कुठून येते, हे त्यांना आपल्या सगळ्या प्रोफेसरांपेक्षा जास्त माहीत आहे. चिठ्ठ्या लिहायला त्यांनाच बसवावं. सोंग नको, पण हा मान त्यांचा.

तिसरा आक्षेप, मुलं दंगा करतील, सीरियसली घेणार नाहीत. करू देत की थोडा! मजा आणि गांभीर्य एकमेकांचे शत्रू आहेत हे आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. बोहाड्यात लोक हसतात, शिट्ट्या मारतात, आणि देवीचं सोंग आलं की त्याच गर्दीतले लोक हात जोडतात. ज्याला कंटाळा आला आहे तो काहीच शिकत नाही, हे कोणत्याही पहिल्या लेक्चरला मागच्या बाकावर बसून बघावं.

जपानमधल्या कामाइशी गावाचं उदाहरण द्यायला हवं. ११ मार्च २०११ ला तिथे भूकंपानंतर त्सुनामी आली. शाळांमध्ये त्याआधी काही वर्षं चांगला सराव झाला होता. मोठ्या शाळेतली मुलं स्वतःहून उंचावर धावली, त्यांना बघून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेली जागा सुरक्षित वाटेना, तेव्हा ती आणखी वर गेली. त्या गावातली जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलं वाचली. त्यांना ठरलेली जागा सोडण्याचं धाडस झालं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रांगेत उभं राहायची प्रॅक्टिस केलेल्याला हे जमत नाही. बदलत्या प्रसंगात वागायची प्रॅक्टिस केलेल्याला जमतं.

खेळ संपल्यावर अर्धा तास सगळ्यांनी ग्राऊंडवरच बसायचं. निरीक्षकांनी वाचून दाखवायचं: अमुक मिनिटाला अमुक घडलं. नावं घ्यायची नाहीत, कोणाला रागवायचं नाही. चुका तिथेच सापडू देत, त्यासाठीच तर एवढा खटाटोप. रिपोर्ट ‘ड्रिल यशस्वीरीत्या पार पडले’ असा आला तर समजावं, काहीतरी गडबड आहे.

खर्च? चिठ्ठ्यांचे झेरॉक्स, शिट्ट्या, लाल रंग आणि चहा. गॅदरिंगच्या डेकोरेशनच्या एका कोपऱ्यात बसेल एवढा. एक शनिवार हवा. जिमखान्याने तो द्यावा, स्टाफने एक सूत्रधार द्यावा, नाट्यमंडळाने सोंगं शिकवावीत आणि सिव्हिलवाल्यांनी एकदा जिने मोजून द्यावेत.

आणि तो शनिवार मिळेपर्यंत प्रत्येकाने फक्त एक काम करा. आज रात्री जेवून वर जाताना विचारा, गेटला कुलूप लागल्यावर किल्ली नेमकी कोणाकडे असते, आणि ती व्यक्ती रात्री दोन वाजता कुठे झोपलेली असते.