रांगोळीतला समन्वय

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या गावी एक समारंभ झाला. आरोग्याचे काम पाहणाऱ्या दोन सरकारी कचेऱ्यांनी संशोधन आणि प्रशिक्षण यांत एकमेकींना साहाय्य करण्याचा करार केला होता, त्याचा हा थाट. मी शाळेत चित्रकला शिकवतो. तेव्हा दारातली रांगोळी माझ्या वाट्याला आली. "मास्तर, एकमेकांत गुंफलेले दोन हात काढा आणि खाली ठळक अक्षरांत 'समन्वय' लिहा," असा हुकूम झाला. मी काढले. शाली झाल्या, नारळ झाले, चार भाषणे झाली. 'समन्वय' हा शब्द मी बोटांवर मोजत होतो. बोटे संपली तरी भाषणे संपेनात. मग खुर्च्या ओढताना गड्यांनी ते दोन्ही हात पुसून टाकले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रांगोळी पुसली जायचीच. माझी तक्रार आहे ती करारही तिच्याबरोबरच पुसला गेला याची.

मी मॅट्रिक शिकलेला मनुष्य. पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेखातर कादंबऱ्या लिहितो. डॉक्टरी शास्त्रात तोंड घालण्याचा अधिकार तुला कोणी दिला, असे कोणी विचारील. तो अधिकार मला माझ्या हजेरीपटाने दिला आहे.

आमचे गाव बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की निम्मे गाव ऊसतोडीला जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि तो कोयता कारखान्याच्या वाटेला लागतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. हात असा चालायचा, की बैलाचे वशिंड एका रेघेत काढून मोकळा होई. गेल्या वर्षी श्रावणात त्याच्या बापाच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. औषध सुरू झाले. सहा महिन्यांचे औषध. दोन महिन्यांत माणसाला रंग आला, खोकला थांबला. आणि दसरा उजाडला. आमच्या आरोग्य केंद्राने एका महिन्याच्या गोळ्या बरोबर दिल्या आणि सांगितले, पुढचे औषध तिकडच्या दवाखान्यातून घ्या.

तिकडचा दवाखाना म्हणाला, तुमच्या केंद्राचा कागद आणा. इकडचे केंद्र म्हणाले, रोगी आमच्या यादीत आहे, पण आमच्या हद्दीत नाही. तिकडून विचारणा येऊ द्या. मी स्वतः दोनदा फोन केला. दोन्हीकडची माणसे सभ्यपणे बोलली. कादंबरीकाराला खलनायक लागतो. या गोष्टीत तो मला सापडला नाही. संगणकावर रोग्याचे नाव एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्याची सोय आहे, ही गोष्ट मला पुढे कळली. ज्या दोन माणसांनी ती वापरायची, त्यांना ती कोणी हाताला धरून शिकवली नव्हती. करारातले 'प्रशिक्षण' त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचलेच नव्हते.

पाडव्याला मंडळी परत आली तेव्हा त्या बापाची हाडे मोजून घ्यावीत अशी दशा होती. जंतू पहिल्या औषधांना दाद देईनासे झाले होते. आता त्याच्यावर अधिक कडक औषधांचा उपचार चालू आहे. पण उचल फिटलेली नाही. म्हणून या दसऱ्याला आईबरोबर तो मुलगा गेला. चौदा वर्षांचा पोर. ऊसतोडीच्या हिशेबात त्याला 'अर्धा कोयता' म्हणतात.

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल, आपल्या देशात असेच चालायचे. निरनिराळी सरकारी खाती एका जिवाने काम करतील, हे स्वप्नच. नाही. हे स्वप्न याच देशात एकदा खरे झालेले आहे, आणि तेही याच रोगाच्या बाबतीत.

१९५६ साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारे एक केंद्र निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्याचे सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते काढले. चार घरचे चार पाहुणे. भांडायला पुष्कळ वाव होता. पण त्यांनी आधी एक प्रश्न ठरवला. क्षयी माणसाला आरोग्यधामात खाट, विश्रांती आणि सकस अन्न दिल्यावाचून तो बरा होत नाही, अशी त्या काळी समजूत होती. इतक्या खाटा या देशात कधी होणार नव्हत्या. मग तीच औषधे रोग्याला घरी दिली तर?

दोनशेच्या आत रोगी घेतले. कोणी घरी राहायचे, कोणी आरोग्यधामात, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. दोघांनाही वर्षभर तीच औषधे. घरचे रोगी गरीब, दाटीच्या वस्तीतले, अर्धपोटी. केंद्राची माणसे अवचित त्यांच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. १९५९ साली निकाल छापून आला. घरी बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ आरोग्यधामाइतकेच होते. आणि रोगी घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. साऱ्या जगाची क्षयाच्या उपचाराची रीत त्याने पालटली. हे काम मद्रासच्या गल्ल्यांतून, गोळ्या मोजून झालेले आहे.

इथेच ते थांबले असते तर तोही एक छापील अहवालच झाला असता. पण त्याच १९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. जिल्ह्या-जिल्ह्याला माणसे शिकवून पाठवणे हे तिचे काम. एकटा डॉक्टर शिकवायचा नाही. थुंकी तपासणारा, क्ष-किरणाचा फोटो काढणारा, औषधाची नोंद ठेवणारा, आकडेमोड करणारा, असा सगळा चमूच एकत्र शिकवायचा. तिथल्याच डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन रोग्यांना विचारले, बाबांनो, खोकला लागल्यावर तुम्ही काय केले? १९६३ साली त्यांचा अहवाल आला. सुमारे निम्मे रोगी आपल्या पायांनी सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले होते, आणि तिथून त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले गेले होते! 'खेडूत अडाणी, तो औषधालाच येत नाही,' असे म्हणणाऱ्यांच्या तोंडावर ही चपराक होती. आजही ती झोंबावी.

मोठे अधिकारी म्हणतील, मास्तर, मद्रासला थोडे रोगी होते, आम्हाला लाखोंशी गाठ आहे. कबूल. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. १९६२ साली सुरू झालेला जिल्हावार कार्यक्रम पुढे पैशावाचून आणि औषधांवाचून खुरटला. १९९२ साली तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून कमी रोगी उपचार पुरा करीत होते, हेही मला ठाऊक आहे. पण हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. प्रश्न एक आणि वही एक होती तोवर काम झाले. वह्या वेगळ्या झाल्या, पैसा आटला, शिकवणे थांबले, तेव्हा ते बिघडले. २०२५ सालापर्यंत देशातून क्षय हटवू असा संकल्प २०१८ साली सोडला होता. ती मुदत उलटली, क्षय आहेच.

आणि लाखोंच्या देशात असे काम आजही होते, याचा ताजा पुरावा झारखंडात आहे. मद्रासचे ते जुने केंद्र आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. तिने आणि झारखंडच्या क्षयरोग कार्यक्रमाने इतरांच्या साथीने २०१९ पासून २,८०० रोग्यांच्या घरी काम केले. रोग्याला तर शिधा दिलाच. पण निम्म्या वस्त्यांत घरच्या माणसांनाही तांदूळ आणि डाळ दिली. २०२३ साली निकाल आला: ज्या घरी सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे घरच्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. मद्रासने सांगितले, औषध नेमाने घेतले तर अर्धपोटी रोगीही बरा होतो. झारखंडने सांगितले, पोटभर खाल्ले तर त्याच्या शेजारी झोपणारा रोगी होण्याचा धोका कमी होतो. दोन्ही वेळा संशोधन करणारे आणि औषध वाटणारे एकाच अंगणात उभे होते.

म्हणून मला दुसरा करार नको आहे. मला एक दिवस हवा आहे. दर वर्षी भाद्रपदात, मंडळी गाव सोडण्याच्या आधी, ज्या जिल्ह्यातून ती निघतात आणि ज्या जिल्ह्यात ती पोचतात तिथली औषध देणारी माणसे, थुंकी तपासणारे तंत्रज्ञ आणि आशाताई एका खोलीत बसवा. कोणाचा रोगी कुठल्या कारखान्याच्या टोळीत जाणार, याची एकच यादी करा. ज्याने ती चालवायची त्याला तिथेच शिकवा आणि त्याचा पगार वेळेवर द्या. संशोधन करणाऱ्यांनाही त्या खोलीत बोलवा, म्हणजे कोपीत राहणाऱ्या माणसाचे औषध कुठे तुटते, हा प्रश्न त्यांच्या कानी पडेल.

आज तुमच्या घरी फराळाचे ताट मांडलेले असेल. करंजीच्या सारणात पडलेली साखर ज्या उसाची, तो कोणीतरी पहाटेच्या थंडीत, एखादे वेळी खोकत, तोडलेला असतो. करंजी टाकून द्या असे मी म्हणत नाही. ती गोडीने खा. पण आपल्या भागाचा प्रतिनिधी दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला दारी आला, की त्याला एवढे जरूर विचारा: या वर्षी ती एक यादी झाली का?

ज्या भाद्रपदात ती खोली भरेल, त्या दिवशी दारातली रांगोळी मी आपण होऊन काढीन. हात वगैरे काढणार नाही. माझ्या विद्यार्थ्याने शिकवल्याप्रमाणे बैल काढीन, एका रेघेत.