परत आल्यानंतरची दहा वर्षे

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात आपला शोध जाहीर केला. त्या दिवसाचे स्मरण म्हणून 1987 पासून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. आज शाळाशाळांत प्रदर्शने भरतील, भाषणे होतील, बक्षिसे वाटली जातील. या निमित्ताने एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा. विज्ञानासाठी परदेशी जाऊन आलेल्या आपल्या मुलामुलींचे पुढे काय होते?

जपानने 2014 मध्ये ‘साकुरा’ ही विज्ञान-आदानप्रदान योजना सुरू केली. आशियातल्या तरुणांना थोड्या दिवसांसाठी बोलवायचे, प्रयोगशाळा दाखवायच्या, शास्त्रज्ञांशी आणि त्यांच्याच वयाच्या जपानी विद्यार्थ्यांशी गाठ घालून द्यायची, असे तिचे स्वरूप. आपल्याकडून ‘इन्स्पायर-मानक’ स्पर्धेत चमकलेली मुले या योजनेतून जपानला जातात. दहा हजार रुपयांच्या पुरस्कारातून ही मुले आपल्या कल्पनेचे चालते मॉडेल उभे करतात. त्यांत शहरातल्या नामांकित शाळांतली मुले असतात, तशी खेड्यातल्या सरकारी शाळांतलीही असतात. टोकियोच्या ‘मिराइकान’ संग्रहालयात छताखाली सहा मीटर व्यासाचा पृथ्वीचा तेजस्वी गोल टांगलेला आहे. त्यावर उपग्रहांनी टिपलेले ढग सरकताना दिसतात. भूगोलाच्या पुस्तकातला मोसमी वाऱ्यांचा नकाशा पाठ केलेल्या मुलीला तिथे उभे राहून काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

मग ती परत येते. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. सरपंच आणि गटशिक्षणाधिकारी यांच्या हस्ते शाल-श्रीफळ दिले जाते, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर फोटो येतो. पुढच्या आठवड्यात घटक चाचणी असते, त्यानंतर दहावीचे वर्ष. जपानी मैत्रिणीचा ईमेल येतो, त्याला इंग्रजीत उत्तर कसे लिहायचे यावर गाडी अडते आणि ते उत्तर राहूनच जाते. बारावीनंतर कोणत्या शाखेला जायचे हे ठरवताना, ज्या संशोधकाने तिच्या मॉडेलविषयी आस्थेने चार प्रश्न विचारले होते त्याला विचारता येईल, असे तिला कोणी सुचवत नाही. जाऊन आलेल्यांसाठी ‘साकुरा सायन्स क्लब’ आहे, पण सभासद होणे निराळे आणि संबंध राखणे निराळे. ज्यांच्या घरात इंग्रजी आणि इंटरनेट आधीपासून नांदते, त्यांचा संबंध टिकतो. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, तेच आधी गळतात. माझ्या मते या योजनांचे खरे अपयश कुठे असेल, तर ते इथे आहे.

अशा ओळखी टिकल्या तर काय घडते, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. होमी भाभा 1927 मध्ये केंब्रिजला गेले. पुढे झुरिचला पाउली आणि रोममध्ये फर्मी यांच्याकडे राहून आले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या त्या वर्तुळात जॉन कॉकक्रॉफ्ट होते, बेनेट लुईस होते. 1939 मध्ये भाभा सुटीवर मायदेशी आले, युद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. त्यांनी ओळखी मात्र सोडल्या नाहीत. पुढे कॉकक्रॉफ्ट ब्रिटनच्या अणुसंशोधनाचे आणि लुईस कॅनडाच्या चॉक रिव्हर केंद्राचे धुरीण झाले. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झाली ती ब्रिटनने दिलेल्या इंधनावर, आणि त्याच वर्षी कॅनडाशी ‘सायरस’चा करार झाला. राष्ट्राराष्ट्रांचे हिशेब त्यामागे होतेच. पण पत्राच्या दुसऱ्या टोकाला आपल्याला वीस-पंचवीस वर्षे ओळखणारा माणूस असणे, हे भाभांचे मोठे भांडवल होते. ते त्यांनी विशी-तिशीत कमावले आणि जपले.

भाभांना हे स्वतःच्या बळावर आणि सधन घरामुळे जमले. सगळ्यांना ते कसे जमावे? जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानाने 1953 पासून त्याची रीतसर व्यवस्था लावली आहे. एकदा तिथला अभ्यासवृत्तीधारक झालेला संशोधक आयुष्यभर त्यांचा मानला जातो. त्याला पुन्हा काही काळ संशोधनासाठी बोलावतात, विकसनशील देशात परतला असेल तर प्रयोगशाळेसाठी उपकरणे घ्यायला मदतही करतात. निवड करताना जेवढा विचार, तेवढाच निवडीनंतरही करायचा, हे यातले शिकण्यासारखे. लिंडाऊला दरवर्षी नोबेलविजेत्यांची आणि तरुण संशोधकांची भेट होते. तरुणांना तिथे एकदाच जाता येते, म्हणून तिथेही माजी सहभागींचे जाळे विणण्यावर भर असतो.

आणि हे करायला जर्मनीएवढा पैसा लागतोच असे नाही. स्वाक्षरीसाठी गराडा घालणाऱ्या मुलांना डॉ. जयंत नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल. त्यांनी पुण्यात उभ्या केलेल्या ‘आयुका’तही विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी काही वर्षे सहयोगी म्हणून पुन्हा पुन्हा यावे, राहावे, काम करावे, अशी सोय पहिल्यापासून आहे. पुन्हा येण्याची मुभा हे त्या योजनेचे मर्म आहे. शाळकरी मुलांच्या योजनांत नेमके तेच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. राज्याच्या शिक्षण विभागाने आजवर विज्ञानासाठी परदेशी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांची जिल्हावार यादी करावी आणि ती दरवर्षी अद्ययावत ठेवावी. प्रत्येक मुलामुलीला जवळच्या महाविद्यालयातला किंवा संशोधन संस्थेतला एक मार्गदर्शक नेमून द्यावा, तोही निदान पदवी हाती पडेपर्यंत. मुलांना पत्रव्यवहारापुरते इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी शाळेतल्या एका शिक्षकावर सोपवावी आणि त्या कामाचे तास त्यांच्या वेळापत्रकात धरावेत. आधी जाऊन आलेल्यांनी यंदा निवड झालेल्यांना जाण्याआधी भेटावे, म्हणजे काय विचारायचे आणि कोणाचा पत्ता घ्यायचा हे त्यांना ठाऊक असेल. या मुलांचा प्रवास, निवास, निवड यांवर खर्च होतोच. त्यात या कामाची थोडी भर टाकणे अवघड नाही, आणि पुढच्या तुकडीची नावे जाहीर होण्याआधी ते सुरू व्हावे.