वर्ग हवाली करताना

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र उघडले म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थी आंतरवासितेसाठी गावोगावच्या प्राथमिक शाळांत रुजू होऊ लागतात; आणि नेमकी त्याच सुमारास रानात कापसाची वेचणी भरात आलेली असल्याने, ज्यांना शिकवावयास ते आलेले असतात त्या मुलांपैकी कित्येक आईबापांच्या मागोमाग शेताच्या धुऱ्यावर तरी असतात, नाही तर धाकट्या भावंडाला सांभाळीत घरी तरी बसलेली असतात. अध्यापनाचे शास्त्र शिकून आलेल्या तरुणाची आणि वऱ्हाडातील प्राथमिक शाळेची पहिली गाठ पडते ती अशी, रिकाम्या बसकरपट्ट्यांच्या साक्षीने. या गाठीतून पुढे काय निष्पन्न व्हावे हे बहुतांशी आपल्यावर, म्हणजे शाळांतील वर्गशिक्षकांवर आणि अध्यापक विद्यालयांतील प्राध्यापकांवर अवलंबून असल्यामुळे, त्याविषयी काही गोष्टी स्पष्टपणे लिहिण्याचे आम्ही या अंकी योजिले आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी पदविकेच्या दोन वर्षांत मिळून 20 आठवड्यांची आंतरवासिता विहित केली आहे. या तरतुदीच्या मुळाशी महाराष्ट्रच आहे, हे आपल्या व्यवसायातील अनेकांना ठाऊक नसते. येथील सुमारे तीनशे अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या न्यायालयाने 2011 साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला; आयोगाने 2012 साली अहवाल सादर केला; आणि शिक्षक घडविण्याचे काम प्रत्यक्ष शाळेशी अधिक निकटतेने जोडले जावे या त्याच्या आग्रहातून पुढे हे विनियम आकारास आले. तत्पूर्वी सराव पाठांची पद्धत रूढ होती. छात्राध्यापकाने पाठाचे टाचण काढावे, ते प्राध्यापकांकडून मंजूर करून घ्यावे, प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन आणि उपयोजन या हर्बार्टच्या परंपरेतून आलेल्या पायऱ्यांनी पस्तीस मिनिटांत एक घटक शिकवावा, आणि मागल्या बाजूस बसलेल्या निरीक्षकाने वहीत शेरा मारावा, अशी ती पद्धत होती. तिची हेटाळणी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. विषयाची मांडणी क्रमाने करावी, प्रश्न एकाच मुलाला पुनःपुन्हा विचारू नये, फळा मोठ्या अक्षरात आणि नेटका लिहावा, या सवयी तिने हजारो शिक्षकांना लावल्या. परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव होती, आणि ती अशी की छात्राध्यापक पाठ घेऊन वर्गाबाहेर पडला म्हणजे त्या वर्गातील मुलांचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याचे त्याला प्रयोजनही उरत नसे आणि संधीही मिळत नसे. आठवडे वाढले तरी हीच उणीव नव्या नावाने तशीच पुढे चालू राहिलेली अनेक ठिकाणी दिसते, आणि आमचे सारे म्हणणे याच एका मुद्द्याभोवती आहे: छात्राध्यापकाला पाठ नेमून देऊ नयेत, वर्ग हवाली करावा.

घाटंजी तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत आंतरवासिता पूर्ण केलेल्या एका छात्राध्यापिकेची दैनंदिनी आम्हांला तिच्या अनुमतीने वाचावयास मिळाली. शाळा पहिली ते चौथीची. मुले काही गावातली, काही गावालगतच्या कोलाम पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, दोन-तीन पलीकडच्या तांड्यावरची. तिच्याकडे पहिली आणि दुसरीचा जोडवर्ग आला. विद्यालयात ती जे शिकली होती ते सारे एकाच इयत्तेच्या, एकाच वयाच्या, समोर रांगेत बसलेल्या मुलांना उद्देशून होते. येथे दुसरीला वजाबाकी सांगावयास वळावे तो पहिलीतले पोर उठून खिडकीशी गेलेले असे. पहिल्या काही दिवसांच्या नोंदी वाचताना तिची दमछाक शब्दाशब्दांतून जाणवते. टाचणात लिहिलेली प्रस्तावना संपण्यापूर्वीच वेळ संपतो, अपेक्षित उत्तर कोणीच देत नाही, आणि शेवटी ती स्वतःच उत्तर सांगून पुढे सरकते.

दुसरीत पोडावरची एक मुलगी होती. ती बोलत नसे, परंतु सांगितलेले लिहून मात्र काढी. एके दिवशी श्रुतलेखनासाठी संख्या सांगितल्या असता तिने पंचवीसबद्दल 52 लिहिले, त्रेचाळीसबद्दल 34 लिहिले, आणि एकोणतीसबद्दल 39. छात्राध्यापिकेने तिन्ही चुकांवर फुल्या मारल्या आणि ‘दशक-एकक संबोध अस्पष्ट’ अशी नोंद केली. सायंकाळी शाळा सुटल्यावर वर्गशिक्षक गुरुजींनी ती वही मागून घेतली, क्षणभर पाहिली आणि ते एवढेच म्हणाले, “बाई, पंचवीस हा शब्द एकदा सावकाश उच्चारून पाहा, तुमच्या तोंडून आधी पाच निघतात की वीस?” तिच्या ध्यानी तत्काळ आले. मुलीने जे ऐकले तेच, ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने, प्रामाणिकपणे लिहिले होते. आणि एकोणतीसमध्ये तिला ‘तीस’ स्पष्ट ऐकू आल्यामुळे तिने तिसाच्या घरातच नऊ बसविले होते. ज्याला अज्ञान म्हणून नोंदविले गेले, त्यात एक सुसंगत नियम होता. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ यासारखे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. भाषेच्या अभिमानाची चर्चा पुष्कळ झाली, परंतु दुसरीतल्या मुलाच्या पाटीवर प्रत्यक्ष काय उमटते ते पाहून बोलणारे त्या चर्चेत थोडेच होते.

दुसऱ्या दिवशी छात्राध्यापिकेने टाचण बाजूस ठेवले. मुलांकडून तुराट्या आणविल्या, त्यांचे बोटाएवढे तुकडे करून घेतले, दहा-दहांच्या जुड्या सुताने बांधविल्या, आणि संख्या उच्चारली की आधी जुड्या मांडावयाच्या, मग सुट्या काड्या, मग लिहावयाचे, असा क्रम ठेवला. त्या मुलीला छात्राध्यापिका काय सांगते ते नीट उमजत नव्हते, तेव्हा पोडावरच्याच एका मुलाने कोलामीत तिला समजावून दिले. तो मुलगा अभ्यासात मागे पडलेला म्हणून ओळखला जात असे, आणि त्या दिवसापासून तो वर्गाचा दुभाषी झाला. नोंदीत असे दिसते की तीन आठवड्यांनी मुलगी पंचवीस अचूक लिहू लागली. एकोणतीस आणि एकोणचाळीस मात्र त्यानंतरही पुष्कळ दिवस चुकत होते, आणि ते चुकत असल्याचे छात्राध्यापिकेने लपविलेले नाही, ही त्या दैनंदिनीतील आम्हांला सर्वाधिक आवडलेली गोष्ट होय.

येथे कोलामीविषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे. कोलामी ही अशुद्ध मराठी आहे असा समज बाळगणारे शिक्षक आजही भेटतात. ती तेलुगू, गोंडी यांच्या द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा असून, एमेनो या भाषापंडिताने शेजारच्या वर्ध्याकडील कोलामीचे व्याकरण 1955 सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहे. कोलामांची गणना केंद्र शासनाने महाराष्ट्रातील कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासमवेत आदिम जमातींत केली आहे, आणि पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, राळेगाव या भागांत त्यांचे पोड आपल्या शाळांच्या हद्दीतच आहेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी मिळाव्यात असे राज्यघटनेच्या 350-अ या अनुच्छेदात 1956 पासून नमूद आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्यतोवर मातृभाषाच माध्यम असावे असे म्हटले आहे. कोलामी जाणणारे शिक्षक पुरेसे होईपर्यंत कायद्याचे हे वचन निदान अंशतः पाळण्याचा मार्ग त्या छात्राध्यापिकेने दाखविला, आणि तो तिला सापडला याचे कारण ती त्याच मुलांसमोर रोज उभी राहत होती.

सातत्याचे महत्त्व आणखी एका गोष्टीवरून कळते. तीच मुलगी डिसेंबरात सलग गैरहजर राहू लागली. पाठापुरती येणारी व्यक्ती हजेरीपटावर रेघ ओढून मोकळी झाली असती. ही मात्र एका संध्याकाळी गुरुजींना सोबत घेऊन पोडावर गेली आणि वेचणीमुळे घरात मोठे माणूस कोणीच नसल्याने तान्ह्या भावाची राखण मुलीकडे आली आहे, असे तिला कळले. गुरुजींच्या संमतीने त्या भावंडाला शाळेत आणण्याची मुभा दिली गेली, आणि मुलगी पुन्हा येऊ लागली. अशी मुभा देण्याचे नियमपुस्तकात कोठे लिहिलेले नाही. वऱ्हाडात कापसाच्या हंगामात ती अनेक शाळा वर्षानुवर्षे मुकाट्याने देत आल्या आहेत, आणि ज्यांनी दिली त्या शिक्षकांना आम्ही मनःपूर्वक मानतो.

दीर्घकाळ एकच वर्ग मागून घेण्याची ही कल्पना नवी नाही. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागतो, पहिल्या दिवशी त्याने योजून आणलेला शांततेचा खेळ पार विस्कटतो, आणि तरीही त्याचा प्रयोग तडीस जातो, कारण दुसरा दिवसही त्याचाच असतो. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी समाजातून आलेला, लोकांत मिसळणारा असावा असा आग्रह धरला होता. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेतून नई तालीम पुढे आली, आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला, तेव्हा त्यामागेही शिक्षकाने मुलांच्या जीवनव्यवहारात उतरून शिकवावे हीच धारणा होती. वर्धा नदीच्या अलीकडे राहणाऱ्या आपणांस हा वारसा उसना आणावयास नको.

आता शाळांच्या बाजूने. मार्गदर्शक शिक्षकाची अडचण आम्ही जाणून आहोत. दोन शिक्षकांवर चार इयत्ता, त्यातच पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे, रोज मागविली जाणारी माहिती. अशा स्थितीत छात्राध्यापक आला की वर्ग त्याच्या स्वाधीन करून आपण कार्यालयीन कागद पुरे करावेत असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु वर्ग हवाली करणे म्हणजे वर्ग टाकून जाणे नव्हे. घाटंजीच्या त्या शाळेत जे घडले त्याचे श्रेय शाळा सुटल्यानंतर वही हाती घेऊन बसणाऱ्या गुरुजींना अर्धेअधिक जाते. तो वेळ शिक्षकाच्या कामात कोठेच मोजला जात नाही, ही आमची प्रशासनाकडे तक्रार आहे. ज्या जिल्ह्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा 1962 च्या मे महिन्यात अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या, त्या जिल्ह्याच्या परिषदेने मार्गदर्शक शिक्षकाला आंतरवासितेच्या काळापुरती तरी अन्य कामांतून सूट द्यावी, ही मागणी अवाजवी नाही.

अध्यापक विद्यालयांनाही आमचे सांगणे आहे. टाचणांच्या रंगीत मुखपृष्ठांच्या फायली आणि साहित्याची छायाचित्रे यांवर गुण दिले जातील, तोवर छात्राध्यापकाचे लक्ष फायलीकडेच राहणार. निरीक्षणास गेलेल्या प्राध्यापकाने पाठ पाहून झाल्यावर मुलांच्या वह्या पाहाव्यात आणि एका मुलाविषयी तरी छात्राध्यापकाशी सविस्तर बोलावे. शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडत असताना, नोकरीची हमी नसतानाही जे तरुण आजही या अभ्यासक्रमाकडे येतात, त्यांच्या मनातील ओढ फायलींच्या ओझ्याखाली विझू देणे कोणत्याही विद्यालयाला शोभणारे नाही.

त्या छात्राध्यापिकेने निरोप घेताना गुरुजींच्या हाती एक साधी वही दिली होती. तीत जोडवर्गातील प्रत्येक मुलाच्या नावाने एक पान होते: घरी कोणती भाषा बोलतात, कोणत्या जोडाक्षरावर अडखळते, कोणत्या संख्या उलट लिहिते, कोणत्या महिन्यांत गैरहजर राहते आणि का. अशी वही प्रत्येक शाळेच्या दप्तरी राहावी. पुढील वर्षी येणाऱ्या छात्राध्यापकाला ती रुजू होताच वाचावयास द्यावी. आणि विद्यालयाने गुणदान करताना टाचणांपूर्वी ती तपासावी, अशी तजवीज सुचविण्याची आमची इच्छा आहे. ज्या शाळांनी अशा नोंदी ठेवल्या असतील त्यांनी मुलांची नावे वगळून त्यांचे नमुने आमच्याकडे पाठवावेत. पुढील अंकापासून त्यांसाठी पृष्ठे राखून ठेवली आहेत.