आपला पेला आपण धुवावा

परवा बडोद्यातच एका परिचितांकडे मुंजीच्या जेवणाला गेलो होतो. अळूची भाजी, मठ्ठा, जिलबी, सारे आपल्या घरच्या रीतीचे. पाणी मात्र दोन घोटांच्या इवल्या बाटल्यांतून आले. पंगत उठली तेव्हा मागल्या अंगणात त्या बाटल्यांचा ढीग कमरेएवढा झाला होता आणि निम्म्यांत पाणी तसेच होते. माळ्यावर पितळी तांब्या-भांड्यांचे पोते आहे, हे यजमानीणबाईंनी आपण होऊन सांगितले. "पण घासायचं कुणी?" असेही त्या म्हणाल्या.

खाण्यापिण्याच्या वेष्टनांचा कचरा कसा कमी करावा यावर पुष्कळ बोलले जाते. माझ्या मते सगळा प्रश्न बाईंच्या त्या तीन शब्दांत आहे.

कायदे झाले नाहीत असे नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, नळ्या यांवर देशभर बंदी आली. त्यांची जागा कागदी पेल्याने घेतली. तो दिसतो कागदाचा, पण चहाने भिजू नये म्हणून आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे तो धड कुजत नाही आणि रद्दीच्या लगद्यातही सहजी जात नाही. २००४ साली रेल्वेत मातीचे कुल्हड आणण्याचा बेत झाला. पण भट्टीत भाजलेली माती पुन्हा शेतातली माती होत नाही, आणि दर घोटाला एक भांडे भाजायचे म्हणजे सरपण आलेच. वस्तू बदलली, टाकण्याची सवय बदलली नाही.

महिन्यातून दोनदा मी सुरतेला डिंडोलीत भजन शिकवायला जातो. डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी माणसे फार. जळगाव-धुळ्याकडून तापीकाठच्या रेल्वेने यायचे आणि मागावर किंवा कापडाच्या गिरणीत काम धरायचे, हा तेथला जुना रिवाज. आपल्या जुन्या बडोदेकर घरांत या मंडळींविषयी काय सुराने बोलले जाते ते मी ऐकले आहे. म्हणूनच हे सांगतो.

तेथे शनिवारच्या भजनाला चाळीसेक माणसे जमतात. चहा दोनदा होतो, म्हणजे ऐंशी कागदी पेले. ते दारापुढच्या गटाराशी पडत. गटार तुंबणे ही गोष्ट सुरतेत थट्टेची नाही. १९९४ च्या पावसाळ्यानंतर साचलेल्या घाणीत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली, ते तेथे अजून विसरलेले नाहीत. पुढे त्याच सुरतेने २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळवला. पण रस्ता झाडलेला असणे आणि कचरा कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घंटागाडी कचरा नेते. तो नाहीसा करीत नाही.

एके दिवशी मंडळींनी वर्गणी काढून चाळीस स्टीलचे पेले आणले. पहिल्याच शनिवारी ते ओट्यावर उष्टे पडून राहिले, कारण ते बायकांनी धुवावेत असे सर्वांनी न बोलता ठरवले होते. तेव्हा टाळ वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाई उठल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "आपला गिलास आपनच धोवाना, तेन्हामा कसानी लाज?" आता नळापाशी रांग लागते. पखवाजवालाही त्या रांगेत उभा असतो आणि शिकवणारा मीही असतो.

येथे कोणी म्हणेल, पूर्वीचे दिवसच चांगले होते. मला तसे म्हणवत नाही. माझे वडील राजवाड्यातले वादक. शहरातल्या मोठ्या घरी बैठक झाली की त्यांना चहा मिळे तो कान तुटलेल्या एका निराळ्या कपातून. तो स्वतः विसळून कोनाड्यात पालथा घालायचा, असा शिरस्ता. त्याच घरी पुढे टाकाऊ पेले आले, त्या दिवशी वडील घरी येऊन म्हणाले, "आज सगळ्यांना सारखाच कप होता." त्यांच्या सुरातले समाधान मी विसरलो नाही. याच शहरात १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदे सरकारच्या चाकरीत आले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही आणि कचेरीत पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत झाली. फेकायच्या पेल्याने जात विचारली नाही, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. भेसळीच्या भयाने बंद पिशवी आली, हेही खरे. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे दगावली होती.

म्हणून पुडा सरसकट वाईट असे मी म्हणत नाही. पण जेथे भय नाही तेथे तो कशाला? दळणाचा डबा आजही आपण गिरणीत नेतो आणि भरून आणतो. मध्ये कागदाचा कपटाही लागत नाही. तोच डबा फरसाणाला आणि मिठाईला का नेऊ नये? खानदेशी घरांत उन्हाळ्यात बिबड्या-कुरडया वाळवून पत्र्याच्या डब्यात भरतात. मुलांच्या हातात चकचकीत पुडी देण्यापूर्वी तो डबा आठवावा. त्या पुडीत प्लास्टिक आणि धातूचा पत्रा असे एकावर एक चिकटलेले असतात की भंगारवालाही ती घेत नाही. आणि भजी या वर्तमानपत्रात बांधू नयेत. शाई पोटात जाते, असा इशारा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच दिला आहे. माझा लेखही त्याला अपवाद नाही.

माळ्यावरची पितळी भांडी खाली काढावीत, अशी माझी आपल्या घरांना विनंती आहे. मात्र ती मोलकरणीच्या किंवा सुनेच्या पुढ्यात टाकायची असतील तर वरच राहू द्यावीत. पाहुणा असो की यजमान, ज्याने पाणी प्यायले त्याने भांडे विसळावे, आणि विसळलेले भांडे पुढच्याने, तो कोणीही असो, बिनदिक्कत तोंडाला लावावे. डिंडोलीत हे जमले आहे. पुढच्या मुंजीत आपल्याकडे जमते का, ते पाहायचे.