सहा कोणते घ्यावे?

माइनक्राफ्ट या खेळात पिक्सेलमॉन जोडले की पोकेमॉन पकडता येतात. सोबत फक्त ६ राहतात, बाकीचे पेटीत. आमच्या वर्गातले पोट्टे सहाही आगीचेच घेतात. मले हे पटत नाही. समोर पाण्याचा एक तगडा आला की सगळे आडवे! पाण्यावर गवताचा भारी, गवतावर आगीचा. पिकाचू कितीही वाढवा, त्याची वीज जमिनीच्या पोकेमॉनला लागतच नाही. म्हणून निरनिराळ्या जातीचे घ्यावे. लढून थकलेल्याला आधी बरे करावे, मगच पुढे पाठवावे. आमचे बाबा दमलेला बैल वखराला जुंपत नाहीत. आणि नवीन लहानालाही रोज थोडे लढू द्यावे. पेटीत ठेवला तर तो लहानच राहतो, मग आयत्या वेळी काय कामाचा?

— इयत्ता ४ थी