‘माझी नोंद’चे कोरे पान

पाठ्यपुस्तकांना जोडलेली कोरी पाने राज्य सरकारने दोन वर्षांतच काढून टाकली. त्या निमित्ताने दप्तराच्या ओझ्याची चर्चा झाली, छपाईच्या खर्चाची झाली. त्या पानांवर मुलांनी स्वतःचे काय लिहावे अशी अपेक्षा होती आणि ते लिहिले का गेले नाही, हा प्रश्न मात्र कोऱ्या पानासारखाच राहिला.

मार्च २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीची पाने समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला. पुस्तकांचे चार भाग करायचे, म्हणजे दप्तर हलके होईल. प्रत्येक धड्यानंतर कोरे पान द्यायचे, म्हणजे वेगळ्या वहीचा खर्च वाचेल, असा त्यामागचा विचार होता. या पानांना ‘माझी नोंद’ असे नाव देण्यात आले. शिकताना सुचलेले शब्द, पडलेले प्रश्न, महत्त्वाचे वाटलेले मुद्दे विद्यार्थ्याने तेथे टिपावेत, असे अभिप्रेत होते. जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. मुले पानांचा अपेक्षित वापर करीत नाहीत आणि वह्याही आणतातच, त्यामुळे ओझे कमी होण्याचा हेतू साध्य होत नाही, असे निदर्शनास आले होते.

प्रशासकीय दृष्टीने हा निर्णय समर्थनीय म्हणता येईल. ज्या पानांचा उपयोग होत नाही, ती छापण्यात अर्थ नाही. परंतु शैक्षणिक दृष्टीने पाहिले, तर पाने कोरी राहिली हेच या प्रयोगाचे खरे निष्पन्न आहे. फळ्यावरचे उतरवून घेणे आणि स्वाध्यायाची उत्तरे लिहिणे एवढ्यालाच ज्या वर्गात लेखन म्हटले जाते, तेथील मुलाला अचानक ‘तुझे तू लिही’ असे सांगितले तर ते काय लिहिणार? सवय नसलेल्या गोष्टीसाठी जागा देऊन भागत नाही. ती सवय लावावी लागते, आणि ती लावायला वेळ व शिक्षक लागतात. पाने छापण्याचा आदेश निघाला. त्या पानांचे वर्गात काय करायचे, याची तयारी मात्र तितक्या जोमाने झाली नाही.

नवी मुंबईसारख्या शहराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक ठळक होतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नियोजनबद्ध शहर म्हणून ही वसाहत आकाराला आली. नोडची आखणी करतानाच शाळांसाठी भूखंड राखून ठेवण्याची दृष्टी येथे होती. १९९२ पासून कारभार पाहणाऱ्या महापालिकेने मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवल्या. सीवूड्स आणि कोपरखैरणे येथे सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळाही सुरू केल्या. जागा आणि इमारती या बाबतीत राज्यातील अनेक महापालिकांना हेवा वाटावा, अशी स्थिती येथे आहे. त्यामुळे ‘सोयी नाहीत म्हणून शिक्षण अडते’ हे नेहमीचे उत्तर येथे पुरेसे ठरत नाही. सोयी असलेल्या वर्गात मूल काय शिकते, हा त्यापुढचा प्रश्न येथे विचारता येतो आणि विचारला पाहिजे.

या शहरातील वर्गात बसणारी मुले एका साच्यातली नाहीत. मूळ गावठाणातील आगरी-कोळी घरातले मूल आगरी बोली बोलत येते. बाजार समितीत काम करणाऱ्या माथाडी कामगाराच्या घरात सातारा-सांगलीकडचे मराठी असते. दिघा, तुर्भे परिसरातील वस्त्यांतून उत्तर भारतातील बोली घेऊन येणारी मुले असतात. मराठी माध्यमाच्या तिसरीच्या वर्गात ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक जिल्हावार असते. बेलापूरच्या मुलाच्या हाती त्यामुळे ठाणे जिल्ह्याचे पुस्तक येते, तर मेट्रोने काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या खारघरच्या मुलाला रायगड जिल्ह्याचे. दोघांचा परिसर मात्र एकच आहे: खाडी, पारसिकचा डोंगर, रेल्वेस्थानक, उंच इमारती आणि त्यांच्या पोटात टिकून राहिलेली गावे.

या परिसरात अभ्यासाला विषयांची वाण नाही. हिवाळ्यात खाडीकाठी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ठाणे खाडीतील त्यांच्या अधिवासाला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही शहरातील पाणथळ जागा वाचवण्यासाठी नागरिकांना आंदोलने करावी लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यासाठी उलव्याचा डोंगर सपाट झाला आणि गावे उठली. शाळेत जाणाऱ्या मुलांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले आहे. पक्षी इथेच का येतात, डोंगराची माती कुठे गेली, आजीचे गाव आता नकाशात का नाही, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सहज पडणारे प्रश्न आहेत. भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र या तिन्हींची सुरुवात त्यांतून होऊ शकते. पण ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रकारात यातील एकही प्रश्न बसत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. मुलांना धड वाचता येत नाही, तेथे स्वतःचे विचार लिहिण्याची चैन कशाला? आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती आणि ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येत होती. हे सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते आहे, म्हणून शहरी वाचकाने निर्धास्त होण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘परख’ सर्वेक्षणात शहरे आणि खासगी शाळाही होत्या. त्यातही ९९पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावणे तिसरीच्या ५५ टक्के विद्यार्थ्यांनाच जमले.

तथापि, या आकडेवारीतून आक्षेपाचे समर्थन होत नाही. वाचन आधी आणि विचार नंतर, असा क्रम मुलांच्या शिकण्यात नसतो. मूल जे बोलले तेच वाक्य शिक्षकाने फळ्यावर लिहिले, तर ते वाक्य मूल लवकर वाचते. कारण त्याचा अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या आयुष्यातील वस्तू आणि अनुभव हेच शिक्षणाचे साधन केले. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांचे अनुभव आणि प्रश्न यांना अभ्यासाच्या केंद्रस्थानी स्थान मिळाले. बालभारतीचेच ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांच्या हाती पडत आले आहे. परंपरा घरचीच आहे. ती प्रयोगशील शाळांच्या कुंपणात राहिली, एवढेच.

शिक्षणाच्या सार्वजनिक चर्चेत मुलाला काय वाटते याला किती स्थान असते, हे अलीकडच्या दोन वादांत दिसले. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ या संख्येबरोबर ‘वीस सात’ असे वाचन सुचवण्यात आले. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले २७ आणि ७२ यांत गोंधळतात, असे गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते. त्यावर विधानसभेपासून समाजमाध्यमांपर्यंत विनोद झाले, अस्मितेचा प्रश्न उभा राहिला. सात वर्षांच्या मुलाला कोणते वाचन सोपे जाते, हे वर्गात जाऊन पाहण्याचा उत्साह त्या मानाने कमी होता.

२०२५ मध्ये तिसऱ्या भाषेबाबत तेच घडले. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा निर्णय आला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि तीव्र विरोधानंतर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. विरोधाचा राजकीय आणि सांस्कृतिक आधार भक्कम होता. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचा भार नको, असे शिक्षणतज्ज्ञही सांगत होते. परंतु घरी आगरी बोलणारे आणि २००० पासून लागू झालेल्या धोरणानुसार पहिलीपासून इंग्रजी शिकणारे मूल आजच किती भाषा पेलते आहे, याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष क्वचितच गेले.

मूल्यमापनाची कथाही वेगळी नाही. २०१० मध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. प्रत्येक मुलाची आवड, गती आणि अडचण शिक्षकाने वर्णनात्मक नोंदीत टिपावी, ही कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि अनेक ठिकाणी त्यांतील वाक्ये प्रगतिपत्रकांत उतरली. ‘चित्रकलेत रस घेतो’ हे वाक्य एकाच वर्गातील दहा मुलांबद्दल लिहिले गेले, तर त्यातून एकाही मुलाची ओळख होत नाही. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार समग्र प्रगतिपत्रक येत आहे. त्यात मुलाने स्वतःचे आणि सहाध्यायाचे मूल्यमापन करण्याचीही तरतूद आहे. त्याच वेळी २०२३ मध्ये पाचवीला वार्षिक परीक्षेची अट परत आली आणि शिष्यवृत्ती परीक्षा २०२५-२६ पासून पुन्हा चौथी व सातवीकडे वळली. एका हाताने ‘तुला काय वाटते ते सांग’ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने अचूक पर्यायाचा गोल रंगवण्याचा सराव चौथीपासून द्यायचा, अशी ही स्थिती आहे. यातील कोणती सूचना पालक आणि शाळा गांभीर्याने घेतील, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

याचा सारा दोष शिक्षकाला देणेही अन्यायाचे होईल. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात त्याने चाळीस मुलांच्या चाळीस नोंदी वाचाव्यात, ही अपेक्षा कागदावरच शोभते. म्हणूनच ज्या महापालिकेकडे इमारती आहेत आणि तुलनेने पैसाही आहे, तिच्याकडून थोडी अधिक अपेक्षा करणे गैर नाही. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तासिका मुलांच्या स्वतःच्या बोलण्या-लिहिण्यासाठी राखणे, त्यातील चुकांवर लाल शाई न चालवणे आणि शिक्षकाने मुलाच्या वाक्याखाली उत्तरादाखल एक वाक्य लिहिणे, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. त्यासाठी नव्या पुस्तकाची किंवा शासन निर्णयाची गरज नाही.

पहिलीपासून नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. नवी पुस्तके येतील, त्यांतील धड्यांवर वाद होतील, समित्यांचे अहवालही येतील. ‘माझी नोंद’ची पाने आता पुस्तकात नाहीत. पण सीवूड्सच्या खिडकीतून रोहित पक्ष्यांचा थवा पाहून वर्गात आलेल्या मुलाला जे सांगायचे असते, ते अजून त्याच्याजवळच आहे. ते ऐकून घेण्याची सोय शाळेने केली नाही, तर चौथीपर्यंत ते मूल विचारणे सोडून देईल आणि मग त्याला प्रश्न का पडत नाहीत, यावर आणखी एक सर्वेक्षण करावे लागेल.