हॉलमधला कॉम्प्युटर, दुसऱ्यांच्या फायली

गेली 22 वर्षं मी सांगलीत घरबसल्या लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. जुलै उजाडला की पिशव्यांतून फॉर्म सोळा, पासबुकं, औषधांची बिलं येऊ लागतात. हे सगळं स्कॅन होऊन घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर जातं. त्याच्यावरच मुलगा प्रोजेक्ट करायचा, यजमान बातम्या वाचायचे, राहायला आलेला भाचा गेम खेळायचा. पासवर्ड नव्हता. घरात कसला पासवर्ड?

एका जुलैत शेजारच्या काकूंनी कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिली. 80डीडीबी कलमाखाली उपचारांच्या खर्चाची वजावट घ्यायची तर ती लागायचीच. चिठ्ठीला चार घड्या घातलेल्या होत्या. “कुणाला बोलू नकोस हं,” एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गेम शोधता शोधता भाच्यानं ते फोल्डर उघडलं आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये काकूंच्या नातीला विचारलं, “तुझ्या आजीला कॅन्सर झालाय का गं?” तिला तोवर घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

भाचा 11 वर्षांचा. त्याला मी काय बोलणार? चूक माझी होती.

“आपल्याच माणसांपासून काय लपवायचं?” असं कुणी म्हटलं की आता मला राग येतो. ते कागद माझे नव्हतेच. सोसायटीचे सेक्रेटरी, विमा एजंट, शिकवणी घेणाऱ्या बाई, कितीतरी जणांच्या घरच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांनी भरवशावर दिलेले कागद पडून असतात. माझा घरच्यांवर विश्वास आहे, पण काकूंनी तो कागद माझ्या हाती दिला होता, माझ्या घराच्या नव्हे.

आधी मी फोल्डर ‘हिडन’ करून पाहिलं. मुलानं व्ह्यू मेनूत एक टिचकी मारली, फोल्डर समोर हजर. मग प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. विंडोजमध्ये एकाच्या खात्यातली कागदपत्रं दुसऱ्याला एरवी उघडत नाहीत. पण मेख अशी की तो दुसरा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असेल, तर परवानगी नसल्याची पाटी येते आणि तिच्यावरचं ‘कंटिन्यू’ दाबलं की दार उघडतं. म्हणून माझं सोडून बाकी सगळ्यांची खाती ‘स्टँडर्ड’ केली. यजमानांना ते लागलं. “आता आम्हीही परके का?” म्हणाले. काकूंच्या नातीचा चेहरा त्यांनीही पाहिला होता, त्यामुळे पुढे काही बोलले नाहीत.

मशीन दुरुस्तीला गेलं तर मात्र एवढं पुरत नाही. डिस्क काढून दुसरीकडे जोडली की खात्यांचा अडसर सहज ओलांडता येतो. म्हणून लोकांचे कागद मी सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड घालून एन्क्रिप्ट करते. त्याला पैसे पडत नाहीत. मूळ फायली पुसायच्या, रिसायकल बिनही रिकामी करायची. नाहीतर कुलूप दाराला आणि सामान अंगणात. हा पासवर्ड विसरला तर कुणी परत मिळवून देत नाही. तो मी कागदावर लिहून, पाकीट चिकटवून कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवलाय. माझं काही बरंवाईट झालं तर पाकीट कुठे आहे ते यजमानांना ठाऊक आहे.

काकू आता बऱ्या आहेत. रिटर्न मात्र दुसरीकडून भरून घेतात. जिन्यात भेटलो की आम्ही पावसापाण्याचं बोलतो.